वेचणीच्या दिवसांतही न मोडणारा गट कसा बांधावा

गेल्या काही वर्षांत ऑक्टोबर उजाडला की माझ्या टेबलाशी एकच तक्रार येते. "सर, आमच्या गटातलं कोणीच येऊन नाही रायलं. सगळं मीच करून रायली." बोलणारी बहुतेक वेळा मुलगी असते, हातात अर्धवट भरलेली वही असते आणि सादरीकरणाला दहा दिवस उरलेले असतात. मी बाकीच्या चौघांना फोन लावतो. एकाच्या वावरात सोयाबीनची सोंगणी सुरू असते आणि मजूर मिळालेले नसतात. दुसऱ्याच्या गावची सकाळची एसटी पंधरा दिवसांपासून बंद असते. तिसरीच्या घरी फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील दिवसभर वावरात. चौथा म्हणतो, "मले कोणी सांगतलंच नाही काय कराचं ते."

या चौघांत कामचुकार एकही नसतो. सोंगणी कधी येते हे त्यांना जुलैतच माहीत होतं, एसटीचा भरवसा नाही हेही माहीत होतं. गट पाडताना हे कोणी विचारलं नाही, एवढंच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना क्षेत्र प्रकल्प आला. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असतं, कृषीची मुलं कृषिदूत-कृषिकन्या म्हणून गावात राहतात. काम सगळीकडे गटानं करायचं असतं, पण गट कसा बांधायचा हे कुठल्याच तासाला शिकवत नाहीत. शहरी मुलांसाठी लिहिलेला सल्ला आपल्याला पुरत नाही. त्यात सगळे संध्याकाळी सातला भेटू शकतात आणि प्रत्येकाकडे स्वतःचा फोन आहे, हे धरूनच चाललेलं असतं. हा लेख एसटीच्या, वेचणीच्या आणि एका फोनच्या घरांच्या हिशेबानं लिहिला आहे.

उदाहरण म्हणून एकच प्रकल्प शेवटपर्यंत धरू: पाच जणांच्या गटानं दोन हेक्टर कपाशीत गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे) लावायचे आणि पतंग मोजायचे. हेक्टरी पाच, म्हणजे दहा सापळे. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता उपाय करायलाच हवा, असं धरतात. "सलग तीन दिवस" हे लक्षात ठेवा. मधला एक दिवस जरी कोणी गेलं नाही तरी त्या आठवड्याची मोजणी वाया जाते. एकाच्या गैरहजेरीची किंमत सगळ्यांनी मोजायची, असं हे काम आहे, म्हणूनच ते निवडलं.

आधी वेळ मांडा

गटात कोण हवं हे ठरवण्याआधी एक कोरा ताव घ्या आणि प्रत्येकाला चार गोष्टी लिहायला सांगा. गाव कोणतं आणि येणारी-जाणारी गाडी किती वाजताची. शेवटची गाडी चुकली तर दुसरी सोय काय, काळीपिवळी, कोणाची मोटारसायकल की काहीच नाही. फोन स्वतःचा की घरातला, आणि घरातला असेल तर तो घरी कधी असतो. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: घरच्या कामाचे कोणते आठवडे आपल्याला सुटणार नाहीत.

मुलं इथे लाजतात. वर्गात "मी मजुरीला जातो" असं लिहायला जड जातं. म्हणून सुरुवात ज्याला लाज कमी वाटते त्यानं करावी. पहिल्यानं "ऑक्टोबरचे दोन आठवडे सोंगणी" असं सरळ लिहिलं की बाकीचे लिहितात.

आता हे सगळं एका कॅलेंडरवर उतरवा. वऱ्हाडात जून-जुलै पेरणी आणि डवरणीचे, ऑगस्ट-सप्टेंबर निंदणाचे, मध्ये पोळा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीन, मग कपाशीची वेचणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, नोव्हेंबरच्या आसपास धानाची कापणी, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता. दिवाळीनंतर या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकांचा हंगाम. त्या दिवसांत रात्रभर नाटक पाहून आलेल्या मुलाला सकाळी आठला बोलावू नका, तो येणार नाही.

कॅलेंडर भरलं की मोकळे आठवडे आपोआप दिसतात. प्रकल्पाचं जड काम त्या आठवड्यांत टाका. सापळ्यांच्या प्रकल्पात मोजणी पुढे-मागे ढकलता येत नाही, कारण अळी आपल्या सवडीनं येत नाही. पण वाचन, नकाशा, शेतकऱ्यांच्या मुलाखती, तक्त्यांची आखणी हे ऑगस्टमध्येच उरकता येतं. ऑक्टोबरला फक्त मोजणी उरली पाहिजे.

किती जण आणि कोण

चार किंवा पाच. सर सात म्हणाले तर पाच मागून घ्या.

यामागे एक जुना प्रयोग आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसं दोर किती जोरानं ओढतात ते मोजलं आणि १९१३ साली प्रसिद्ध केलं. दोघांनी मिळून ओढलं तर प्रत्येकाचा सुमारे ९३ टक्के जोर लागत होता. आठ जणांत तो ४९ टक्क्यांवर आला. आठ माणसं लावून जेमतेम चार माणसांचं काम. एकाच वेळी सगळ्यांचा झटका बसत नाही आणि दुसरा ओढतोच आहे म्हणून आपला हातही सैल पडतो. बंडी चिखलातून काढताना दहा जण धक्का मारतात आणि बंडी हलत नाही, ते आपण पाहिलेलं आहेच.

मग कोण? मुलं जिवलग मित्र घेतात. मित्र जरूर असू द्या, पण निदान एक जण असा हवा ज्याची गाडी, गाव आणि शेतीचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा वेगळं आहे. पाचही जण एकाच गावचे असले तर त्या गावची एसटी बंद पडली की अख्खा गट बंद पडतो. पाचही घरी सोयाबीन असेल तर पाचही जण एकाच आठवड्यात गायब. एक ओलितवाला, एक मजुरी करणाऱ्या घरचा, एक होस्टेलला राहणारा, एक मुलगी जिचं घर कॉलेजजवळ आहे, असा मेळ बसला तर कोणी ना कोणी कायम जागेवर राहतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्याकडे मैत्री गल्लीवार होते आणि गल्ल्या बऱ्याच ठिकाणी जातीवार आहेत. स्वतःहून पाडलेला गट त्यामुळे नकळत एकाच जातीचा होतो. तो तसा होऊ देऊ नका. हे योग्य आहे म्हणून तर म्हणतोच, कामाच्या हिशेबानंही म्हणतो. तुम्हाला गावातल्या सगळ्या वस्त्यांत, तांड्यावर, कोलामांच्या पोडावर जायचं असतं. तिथलं कोणी गटात असेल तर लोक मनापासून बोलतात. वर्गात गप्प बसणारा, घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारा मुलगा पोडावरच्या मुलाखतीत तुमचा सगळ्यात कामाचा माणूस ठरतो. मी हे दरवर्षी पाहतो.

आणि पहिल्या दिवसापासून डबा एकत्र बसून खा. भाकर, ठेचा, जे असेल ते मध्ये ठेवा. याइतका गट जोडणारा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पहिली बैठक: पानभर करार

पहिल्या बैठकीत काम सुरू करण्याची घाई करू नका. एक तास काढा, कॉलेजच्या वेळेतच, दोन तासिकांच्या मधल्या सुटीत. मुलींसाठीच्या मानव विकासच्या बसनं येणाऱ्या विद्यार्थिनीला किंवा शेवटच्या एसटीवर अवलंबून असणाऱ्याला "कॉलेज सुटल्यावर थांब" म्हणणं म्हणजे त्यांना गटाबाहेर काढणंच आहे.

त्या तासात एक पानाचा करार लिहा. आपल्या भाषेत, सोप्या वाक्यांत. माझ्या एका गटानं केलेला करार जवळजवळ असा होता:

"दर बुधवारी मधल्या सुटीत ग्रंथालयामागच्या निंबाखाली भेटायचं. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवायचं, ग्रुपवर नाही जमलं तर जोडीदाराला निरोप द्यायचा. वावरात एकट्यानं जायचं नाही. फवारणी झाली असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वावरात पाय ठेवायचा नाही, मालकाला विचारूनच जायचं. आकडा पाहिला तसाच लिहायचा, अंदाजे लिहायचा नाही. गेलो नाही तर 'गेलो नाही' असं लिहायचं. कोणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. भांडण झालं तर आधी आपसात, मग सरांकडे."

खाली पाच सह्या.

फवारणीचं वाक्य मी प्रत्येक गटाच्या करारात आग्रहानं घालायला लावतो. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण विसरलेलो नाही. कुठल्याही प्रकल्पाचे गुण त्याहून मोठे नाहीत.

"गेलो नाही तर 'गेलो नाही' असं लिहायचं" हे वाक्यही तितकंच मोलाचं. गटात भीती असली की मुलं घरी बसून आकडे भरतात. रोज ५, ६, ५, ६ असे गुळगुळीत आकडे दिसले की मला लगेच कळतं. चूक सांगितल्यावर कोणी हसणार नाही, ओरडणार नाही, एवढी खात्री असली तरच माणूस खरं लिहितो. ती खात्री पहिल्या चुकीला गट कसा वागतो त्यावर ठरते. पहिल्यांदा कोणी "मी नाही जाऊ शकलो" म्हणालं की म्हणा, "बरं झालं सांगतलं," आणि पाळी बदलून द्या.

काम वाटणं: प्रत्येक कामाला जोडी

हा सगळ्या लेखाचा कणा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मुलं काम असं वाटतात: तू माहिती आण, तू टाइप कर, तू पीपीटी कर, तू बोल. एक काम, एक माणूस. तो माणूस वेचणीला गेला की काम तिथेच थांबतं, आणि त्याच्याशिवाय ते कोणाला येतही नसतं. त्याऐवजी प्रत्येक कामाला दोन माणसं द्या, एक मुख्य आणि एक जोडीदार. मुख्य करतो, जोडीदाराला ते करता येत असतं. निदान दोनदा दोघांनी ते काम सोबत केलेलं असलं पाहिजे. नुसतं "तुला समजावून सांगतो" पुरत नाही.

जोडी लावताना वेळेच्या कागदाकडे पाहा. दोघांचेही घरचे आठवडे एकच असतील तर ती जोडी मोडा. सोयाबीनवाल्याला ओलितवाला द्या, एसटीनं येणाऱ्याला गावातलाच द्या.

सापळ्यांचा हिशेब करून दाखवतो. दहा आठवडे, आठवड्यातून सलग तीन दिवस, म्हणजे तीस फेऱ्या. प्रत्येक फेरीला दोघं, म्हणजे साठ पाळ्या. पाच जणांत प्रत्येकी बारा. हा बाराचा आकडा पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर लिहिला की "मीच सगळं करतो" हे वाक्य नंतर मोजून खरं की खोटं ते दाखवता येतं. ज्याला ऑक्टोबरमध्ये जमणार नाही त्यानं आपल्या बारातल्या आठ पाळ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करून टाकायच्या. आपल्या म्हाताऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. इर्जिकीत, सावडीत तेच चालायचं: आज माझ्या वावरात तुझे बैल, परवा तुझ्या वावरात माझे. कोणी उपकार करत नव्हतं आणि कोणी फुकटही घेत नव्हतं, कारण पाळी सगळ्यांच्या ध्यानात असायची.

मोजणीचं काम प्रत्येकानं करायचंच. त्याशिवायच्या जबाबदाऱ्या अशा: वही सांभाळणं, सापळे आणि ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं गंधाचं आमिष, सांभाळणं (पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे ल्यूर बदलायचे), शेतकऱ्याशी आणि सरांशी बोलणं, आणि आकड्यांचे तक्ते-आलेख. हिरवी बोंडं फोडून पाहणं आठवड्याच्या शेवटच्या फेरीला जोडून घ्या: एकरी वीस बोंडं, त्यात दोन किडकी निघाली की दहा टक्के झाले, म्हणजे इथेही नुकसानीची पातळी गाठली.

जबाबदारी देताना एक खोड मोडायची आहे. मुलींचं अक्षर चांगलं म्हणून वही मुलींकडे, आणि वावरात मुलं. वर्षामागून वर्ष मी हेच पाहतो. मग सादरीकरणात परीक्षक विचारतात, "सापळा झाडापासून किती उंच लावला?" आणि जिनं अख्खा अहवाल लिहिला तिला उत्तर देता येत नाही, कारण तिला वावर दाखवलंच नाही. दोन मुलींची जोडी सकाळच्या फेरीला जाऊ शकते. घरच्यांची काळजी असेल तर गटातल्या दोघांनी तिच्या घरी जा, काकूंना आणि काकांना सांगा की वावर कोणाचं, कोण सोबत, किती वाजता परत. फोनवर सांगू नका, जा. चहा घेऊन या. बहुतेक घरी नकार अनोळखीपणाचा असतो, तो ओळखीनं जातो.

म्होरक्या हवा का? हवा, पण त्याचं काम हुकूम देण्याचं नाही. तो पाळ्यांचा कागद पाहतो आणि रिकामी जागा दिसली की भरतो, अनेकदा स्वतःच. गाडगेबाबा गावात आले की कीर्तनाआधी स्वतः खराटा घेऊन झाडायला लागायचे. आपल्या अमरावती जिल्ह्यातलाच हा माणूस. म्होरक्यानं ओल्या पांदणीतून चालत जायची सगळ्यात नकोशी पाळी पहिल्या आठवड्यात स्वतः घ्यावी, पुढे कोणाला काही सांगावं लागत नाही.

वही आणि फोन

व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण गटाची खरी आठवण कागदी वहीत ठेवा. नेटवर्क जातं, फोन बिघडतो, फोटो उडतात. दोनशे पानी एक वही घ्या, ती कॉलेजात ठरलेल्या जागी ठेवा. रोज तारीख, वेळ, हवा कशी होती, सापळा क्रमांक १ ते १० आणि आकडे, गेलेल्या दोघांच्या सह्या. संध्याकाळी त्या पानाचा एक फोटो ग्रुपवर.

ग्रुपवर सुप्रभातची फुलं नकोत. ज्याच्याकडे घरचा फोन आहे त्याला रात्री दहा मिनिटं मिळतात, त्यात त्याला कामाचा निरोप सापडला पाहिजे. ज्याच्याकडे फोनच नाही त्याचा निरोप जोडीदार पोचवेल. हे करारातच लिहून ठेवा, म्हणजे "मले कोणी सांगतलंच नाही" याला जागा उरत नाही.

बुधवारची वीस मिनिटं

बैठक लांबली की पुढच्या वेळी लोक येत नाहीत. वीस मिनिटं पुरतात. उभ्यानं घेतली तरी चालेल.

गोल उभे राहा. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: मागच्या बुधवारपासून काय केलं, पुढच्या बुधवारपर्यंत काय करणार, आणि अडलं कुठे. सुरुवात दर वेळी वेगळ्या माणसापासून, आणि एकही जण बोलल्याशिवाय सुटत नाही. ज्याला प्रमाण मराठीत बोलताना अडखळायला होतं त्यानं आपल्या बोलीत बोलावं, बाकीच्यांनी तशाच बोलीत उत्तर द्यावं.

हा गोल नुसता शिष्टाचार नाही. २०१० साली "सायन्स" या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ६९९ जणांना दोन ते पाच जणांच्या गटांत बसवून वेगवेगळी कामं दिली होती. गटातला सगळ्यात हुशार माणूस किती हुशार, यावर गटाचं यश फारसं ठरलं नाही. बोलणं सगळ्यांत सारखं वाटलं गेलं होतं आणि लोकांना एकमेकांच्या मनातलं ओळखता येत होतं, ते गट पुढे गेले. एकच जण बोलत होता ते मागे पडले.

निर्णय घेताना

पाचांत तीन विरुद्ध दोन असं मतदान करू नका. हरलेले दोघं पुढच्या आठवड्यापासून मन लावून काम करत नाहीत, आणि पाचातले दोघं गेले तर उरलं काय?

यासाठी लांब पाहायची गरज नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे छोटं गोंड गाव ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं घेत आलं आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. पण त्या घोषणेमागे अभ्यासगट आहेत: विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो, जाणकारांना विचारलं जातं, मग ग्रामसभेत बसून सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोललं जातं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत हे गाव होतं. इतका मोठा प्रश्न एकमतानं सुटू शकतो, तर सापळे कोणाच्या वावरात लावायचे हा प्रश्नही सुटेल.

तुमच्यासाठी रीत अशी. ज्याला पटत नाही त्याला विचारा, "काय बदललं तर तुला चालेल?" बहुतेक वेळा उत्तर लहान असतं. "ते वावर लांब हाय, मले सायकल नाही." मग वाद वावराचा नसून सायकलचा होता. दोन बैठकांत एकमत झालं नाही तर निदान आठ दिवस एक रीत करून पाहायला सगळे राजी होतात का ते पाहा, आणि आठ दिवसांनी वहीतले आकडे समोर ठेवून पुन्हा बसा.

बाद झालेल्याला जिवंत करा

कबड्डीत गडी बाद झाला की बाहेर बसतो. पण तो संपत नाही. आपल्या संघानं समोरचा एक बाद केला की आपला एक जिवंत होतो, ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. सात जणांचा संघ तीनवर येतो आणि पुन्हा सातवर जातो. आपल्या प्रत्येक गावात खेळल्या जाणाऱ्या या खेळात गैरहजेरीची एवढी चांगली व्यवस्था आहे आणि आपल्या अभ्यासगटांत मात्र नाही.

हे मला फार जवळून माहीत आहे. बी.एस्सी.ला असताना मी वेचणीसाठी अठरा दिवस कॉलेजला गेलो नव्हतो. परत आलो तेव्हा गटातले चांगले वागले, कोणी काही बोललं नाही. पण कामही कोणी दिलं नाही. मला वाटलं, आता विचारायचा आपल्याला हक्क नाही. त्यांना वाटलं, याला रस नाही. एक महिना मी त्यांच्या मागे मागे फिरलो. तोंडी परीक्षेत मला पहिलाच प्रश्न आला आणि मी खाली पाहत उभा राहिलो. अहवालावर माझं नाव होतं. ती शरम अजून गेलेली नाही, आणि हा लेख लिहायचं खरं कारणही तेच आहे.

म्हणून परतीची रीत आधीच ठरवा. कोणी आठ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून आलं की त्याच दिवशी जोडीदारानं त्याच्यासोबत अर्धा तास बसायचं. वहीची गेल्या दिवसांची पानं दोघांनी वाचायची. दुसऱ्या दिवशीच्या फेरीला त्याला न्यायचं, त्याच्या हातानं सापळे मोजून घ्यायचे. आणि त्या आठवड्यात एक काम असं द्यायचं जे फक्त त्याचं आहे, लहान असलं तरी चालेल. "आराम कर, आम्ही करतो" हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य माणसाला गटाबाहेर ठेवतं.

बाहेर असतानाही धागा तुटू देऊ नका. आठवड्यातून एकदा जोडीदारानं रात्री फोन करायचा, पाच मिनिटं, आकडे सांगायचे. वावरात दिवसभर राबणाऱ्या मुलाकडेही गटाला द्यायला काहीतरी असतंच. "आमच्याकडं वेचताना किडकं बोंड किती निघून रायलं" हे तो सांगू शकतो, आणि ते तुमच्या प्रकल्पाचंच काम आहे.

कोणी खरंच काम करत नसेल तर

असंही होतं. अडचण काहीच नाही, तरी माणूस येत नाही. आधी एकट्यानं, शांतपणे बोला. ग्रुपवर कधीही नाही.

"तू नेहमीच असा करतं" म्हटलं की भांडण सुरू होतं. वही उघडा आणि म्हणा, "मागच्या दोन शनिवारी तुझी पाळी होती. दोन्ही दिवशी आकडा नाही. काही अडचण हाय का? पुढच्या शनिवारी जमते, का पाळी बदलाची?" यात आरोप नाही, तारीख आहे. अडचण निघाली तर पाळी बदला. नुसतंच "पाहतो" आलं तर पुढच्या बुधवारी गोलात तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारा. तिसऱ्यांदा चुकलं की गटानं मिळून सरांकडे जा, त्यालाही सोबत घेऊन, वहीसकट. पाठीमागे तक्रार करू नका, गावात ती संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोचते.

त्याचं काम गुपचूप दुसऱ्यानं करून टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. करणाऱ्याचा जीव जळतो आणि न करणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

जो सगळं स्वतःच करतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही, त्याच्याशीही हेच बोलणं करावं लागतं. त्यालाही वहीच दाखवा: बाराऐवजी एकवीस पाळ्या, आणि जोडीदाराच्या तीन.

पैसे

छोटं प्रकरण, पण मैत्री इथेच तुटते. सापळे, ल्यूर, झेरॉक्स, तिकीट. वहीच्या मागच्या पानावर रोजचा खर्च लिहा, कोणी दिला तेही. महिन्याच्या शेवटी हिशेब. समसमान वाटणी नेहमी न्यायाची नसते. गावातल्या मुलाला तिकीट लागत नाही, तीस किलोमीटरवरून येणाऱ्याला रोज लागतं, आणि २०२३ पासून एसटीत मुलींना अर्धंच पडतं. म्हणून गटाच्या जास्तीच्या फेऱ्यांचं तिकीट सामायिक खर्चात धरा. ज्याला देणं खरंच जड जातं त्याच्याकडून पैशाऐवजी पाळ्या घेऊ नका, त्यानं तो गटाचा मजूर होतो. सरांना सांगा, सापळ्यांसाठी विभागातून काही होतं का ते पाहू द्या.

सादरीकरण आणि त्यानंतर

सादरीकरणाच्या आठ दिवस आधी एक खेळ करा. चिठ्ठ्या टाका आणि ज्याला जो भाग येईल तो त्यानं पाच मिनिटं सांगायचा, स्वतः न केलेला असला तरी. जिथे अडखळेल तिथे जोडीदारानं शिकवायचं. प्रत्यक्ष सादरीकरणात पाचही जणांनी बोलायचं, एकेक मिनिट का होईना. उशिरा परतलेल्याला मधला, सोपा भाग नको. त्यानं स्वतः मोजलेल्या फेऱ्यांचाच भाग द्या, तो त्याला पाठ करावा लागत नाही.

गुण मिळाले की गट पांगतो, आणि ज्यांच्या वावरात आपण दहा आठवडे फिरलो त्या शेतकऱ्याला काहीच कळत नाही. तसं करू नका. डिसेंबर लागण्याआधी एक संध्याकाळ ठरवा, गावच्या पारावर किंवा ग्रामपंचायतीत. मोठ्या कागदावर आलेख काढा, कोणत्या आठवड्यात पतंग वाढले ते दाखवा. फरदड ठेवायची (म्हणजे जादा वेचणीसाठी कपाशी तशीच उभी ठेवायची) की कपाशी काढून टाकायची हा विचार त्याच सुमाराला घरोघरी चाललेला असतो, तुमचे आकडे तिथे खरंच उपयोगी पडतात. बोलताना पाचही जण उभे राहा. वहीची एक झेरॉक्स शेतकऱ्याकडे ठेवा, एक पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी विभागात.

त्याच वावराच्या धुऱ्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी करायची असेल तर गोवऱ्या, कणिक, वांगी कोणी आणायची हेही पाळ्यांच्या कागदावर लिहा. जेवण झाल्यावर सापळे काढून घ्या. ल्यूरची रिकामी पाकिटं आणि तारा वावरात राहू देऊ नका, बैलाच्या चाऱ्यात जातात. आणि सापळे मोजून घ्या: दहा लावले होते, दहाच परत आले पाहिजेत.